हाफ क्लच

गाडी आली तेव्हा सातपूरच्या शेडमध्ये
मी एका टेम्पोच्या पोटाखाली होतो.
आधी आवाज आला,
सहा सिलिंडर, एकमेकांच्या पायात न येणारे,
आणि दारातच गचकन मेला.

फळीवरून सरकत बाहेर आलो.
डॉक्टर केतकी आहेर. कॉलेज रोडला दातांना तारा बसवतात.
म्हणाल्या, "नाना, मुंबई नाक्यापासून सातव्यांदा."

वाकून आत बघितलं,
तर दोन सीटच्या मधोमध तो उभा.
मुठीवर कोरलेला नकाशा, एक ते सहा,
आणि रिव्हर्स डावीकडे कोपऱ्यात,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

मला वाटलं होतं, हे संपलं.
पंधरा वर्षं ज्या ज्या भारी गाड्या उघडल्या
त्यांत हात घालायला जागाच नव्हती.
लॅपटॉप लावायचा, तो म्हणेल ते ऐकायचं.
रज्जाक उस्तादांचा बेअरिंग-पुलर
मी भंगारवाल्यासाठी पोत्यात भरून ठेवला होता.

"ऑटोमॅटिकच जास्त पळते," त्याच म्हणाल्या,
"कंपनीच सांगते तसं. शंभरला अर्धा सेकंद आधी पोचते."
मग ही का?
बराच वेळ चावी फिरवत राहिल्या बोटात.
"ती मला नेते, नाना. मला न्यायचं होतं."

आणि त्यासाठी चार लाख वर मोजले!
हसू आलं. थोडा रागही.
अंबडला सतरा वर्षं मी गिअरचे दात कापले, बाई,
तुमच्याआधीपासून दातांच्याच धंद्यात.
ट्रकवाले डावा गुडघा चोळत ढाब्यावर उतरायचे,
त्यांना कोणी विचारलं होतं, आवडतं का म्हणून?
तीच हमाली आता काचेच्या शोरूममध्ये,
पॉलिश मारून, वेटिंग लिस्ट लावून.

तरी पहाटे साडेपाचला मी शेजारी बसलो.
त्र्यंबक मागे टाकून जव्हारकडचा घाट.
उतारावर गाडी आपणच आवाज जुळवून घ्यायची,
चूक व्हायच्या आधीच सावरून.
ते बटण बंद करायला लावलं.
पहिल्यांदा गिअर असा करकरला
की माझेच दात आंबले.
"पुन्हा," म्हटलं. "आधी थोडी रेस, मग खाली.
ढकलू नका, तो स्वतः आत जाईल. थांबा त्याच्यासाठी."

परतताना, चढावर, ऐन वळणात, बंद.
मागे मोखाड्याहून आलेली पिकअप,
टोपल्यांत मोगऱ्याच्या कळ्या, वर ओलं फडकं.
आता हॉर्न, आता शिव्या, म्हणून मी मान आखडली.
ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला, पोरगाच,
आणि ओरडला, "हाफ क्लच, ताई! हाफ क्लच!"
हाताचा पंजा हवेत हळूहळू उचलत दाखवला,
कढईवरचं झाकण उचलावं तसा.

डॉक्टरांनी आरशात तो पंजा बघितला.
पायही तेवढाच उचलला.
आणि तिथे, त्या एका बोटभर जागेत,
सगळी गाडी कान टवकारून थरथरली,
मागे सरकली नाही, पुढे गेली नाही,
विचारत राहिली.
मग त्या काही बोलल्या नाहीत. दुसरा. तिसरा.
काचेतून मोगरा येत होता, आणि क्लच-प्लेटचा जळका वास.
दोन्ही मला सारखेच आवडले, काय करू.

माझा सुदाम इलेक्ट्रिक व्हॅन चालवतो, पार्सलं टाकतो.
गिअर नाही, क्लच नाही, संध्याकाळी गुडघा दुखत नाही.
बरंच आहे ते. त्याला घाटातलं काही सांगितलं नाही.
पोत्यातून पुलर मात्र काढला,
रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.

रात्री गोधडीत डावा पाय आपोआप दाबला गेला.
शेजारून विमल म्हणाली,
"झोपा आता. घाट संपला."

कुठला संपतोय.
मी अजून दुसऱ्यातच होतो.